आधी गाडी हळू चालवता आली पाहिजे

आपल्याकडे गाडी शिकवायची एक ठरलेली रीत आहे. काका नाहीतर थोरला चुलतभाऊ शंभर सीसीची गाडी घेऊन गावाबाहेरच्या रस्त्यावर येतो. शिकणाऱ्याला पुढे बसवतो, स्वतः मागे बसतो आणि सांगतो, "क्लच दाब, गिअर टाक, आता हळू सोड." गाडी दोनदा बंद पडते, तिसऱ्यांदा उडी मारून निघते. अर्ध्या तासात पोरगं तिसऱ्या गिअरवर जातं. काका खूश. "आली की गाडी!" आठ दिवसांत त्याच पोराला मोंढ्यातून युरियाची पिशवी आणायला पाठवतात.

आली ती फक्त सरळ पळवायची गाडी. ते सगळ्यात सोपं काम आहे. एकदा वेग धरला की मोटारसायकल आपली आपण उभी राहते, चालवणाऱ्याने फार काही करावं लागत नाही. कसब लागतं ते ताशी दहा किलोमीटरच्या आत: गर्दीत, वळताना, चढावर थांबून पुन्हा निघताना. नव्या माणसाचा धीर सुटतो तो मोकळ्या महामार्गावर नाही. तो सुटतो लातूरच्या गंजगोलाईत, पुढे केळीचा गाडा, मागे ऑटोचा हॉर्न आणि गाडी नेमकी बंद पडलेली असताना. त्यामुळे माझं सांगणं एवढंच आहे की, आधी गाडी हळू चालवायला शिका, आणि एका वेळी एकच नवी गोष्ट अंगावर घ्या. नवा रस्ता असेल तर त्या दिवशी पाऊस नको, आणि मागे माणूस बसवायचा असेल तर रस्ता ओळखीचा हवा.

हे मी शिकवता शिकवता शिकलो. माझी भाची नांदेडला असते. सव्विसाव्या वर्षी तिला नोकरी लागली ती लोहा तालुक्यातली गावं फिरायची. स्कूटी तिला येत होती, पण घरात वडिलांची गिअरची गाडी नुसती उभी होती. शिवाय खेड्यापाड्यांच्या रस्त्यांवर मोटारसायकलचं मोठं चाक खड्डा सोसतं, स्कूटीचं लहान चाक त्यात आपटतं. ती म्हणाली, "मामा, मला भीती वाटत नाही. पण हात कापायलेत." दोन्ही एकच, हे मी तिला तेव्हा सांगितलं नाही.

आधी कागद. वयाची १८ वर्षं पूर्ण झाल्याशिवाय गिअरच्या गाडीचा परवाना मिळत नाही. शिकाऊ परवाना सहा महिने चालतो आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांनी पक्क्या परवान्याची चाचणी देता येते. गाडीला पुढे-मागे पांढऱ्यावर लाल अक्षरात 'एल' लावायचा आणि शिकवणाऱ्या परवानाधारकाशिवाय मागे कोणाला बसवायचं नाही. लोक या तीस दिवसांना अडचण समजतात. मला वाटतं, अख्ख्या मोटार वाहन कायद्यात नवशिक्याच्या भल्याची याहून चांगली तरतूद नसेल. लातूरला ट्यूशनसाठी पोरं ठेवलेल्या आईबापांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अकरावीतल्या पोराच्या हाती गाडी दिली आणि काही घडलं, तर २०१९ च्या दुरुस्तीनुसार पालकाला किंवा गाडीमालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द होते आणि त्या पोराला वयाच्या पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. 'क्लासला उशीर होत होता' हे कारण तिथे चालत नाही.

आता जागा. शहराच्या कडेला जिथे प्लॉटिंग पडलंय पण घरं उठलेली नाहीत, तिथले रस्ते यासाठी उत्तम. नांदेडला कौठा-असर्जनकडे, लातूरला औसा रोड नाहीतर बार्शी रोडच्या आत शिरलं की असे रस्ते सापडतात. सकाळी साडेसहाला तिथे कुत्र्यांशिवाय कोणी नसतं. पहिल्या दिवशी गाडी चालवायचीच नाही. इंजिन बंद ठेवून ती हाताने ढकलत न्यायची, वळवायची, डबल स्टॅण्डला लावायची. शंभर सीसीच्या गाडीचं वजनही ११० किलोच्या आसपास असतं, आणि हे वजन कुठे झुकलं की आपल्याला पेलत नाही ते आधी हाताला कळू द्या. पुढे गर्दीत गाडी कलंडायला लागली की हीच ओळख कामाला येते.

दुसऱ्या दिवसापासून क्लच. इथे मी रीत मोडली. भाचीला रेस द्यायचीच नाही असं सांगितलं. पहिला गिअर टाकायचा, क्लच इतका सावकाश सोडायचा की कुठे तरी गाडी 'धरते' ते बोटांना जाणवलं पाहिजे. धरली की तिथेच थांबायचं, पुन्हा दाबायचा. सपाट रस्त्यावर लहान गाडी नुसत्या क्लचवर, रेसशिवाय, मुंगीच्या पावलाने चालते. दहा पावलं चालायची, थांबायचं. तिने हे तीन सकाळी केलं. शेजारच्या प्लॉटवरचा वॉचमन रोज बघायचा. तिसऱ्या दिवशी त्याने विचारलंच, "ताई, गाडी खराब हाय का?" चौथ्या दिवशी मात्र तिची गाडी एकदाही बंद पडली नाही. गाडी बंद पडण्याची धास्ती गेली की नव्या माणसाची अर्धी भीती जाते, हे मी डोळ्यांनी पाहिलंय.

गिअरबद्दल एक सावधगिरी. आपल्याकडच्या पुष्कळशा शंभर सीसीच्या गाड्यांना, स्प्लेंडर धरून, सगळे गिअर पुढे दाबून पडतात. पल्सरसारख्या गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. एका गाडीवर शिकलेला माणूस मित्राची दुसरी गाडी घेऊन निघतो आणि ऐन गर्दीत गिअर कमी करायच्या ऐवजी वाढवतो, नाहीतर उलटं करतो. पहिले तीन महिने एकच गाडी धरा. मित्राच्या गाडीचा मोह आवरा.

मग ब्रेक. 'पुढचा ब्रेक दाबला की माणूस डोक्यावरून जातो' हे गावोगाव शिकवलं जातं, आणि त्यापायी कित्येक जण जन्मभर नुसत्या पायाच्या ब्रेकवर गाडी चालवतात. खरं असं आहे की ब्रेक लागला की गाडीचं वजन पुढे झुकतं, पुढचं चाक रस्त्याला घट्ट बसतं आणि मागचं हलकं होतं. म्हणून थांबवायची खरी ताकद पुढच्या ब्रेकमध्येच असते. माणूस पडतो तो पुढचा ब्रेक लावल्याने नाही, झटक्यात करकचून दाबल्याने, किंवा हॅण्डल वळलेलं असताना, किंवा खाली वाळू-मुरूम असताना दाबल्याने. आम्ही चुन्याची एक रेघ मारली. वीसच्या वेगाने यायचं आणि रेघेपासून दोन्ही ब्रेक एकत्र, लिंबू पिळल्यासारखे वाढवत दाबायचे. जिथे थांबली तिथे दगड ठेवायचा. वीस वेळा केल्यावर दगड निम्म्या अंतरावर आला. मग तीसच्या वेगाने. एप्रिल २०१९ पासून विकल्या जाणाऱ्या १२५ सीसीपर्यंतच्या गाड्यांना जोड-ब्रेक म्हणजे सीबीएस आणि त्यावरच्यांना एबीएस सक्तीचं आहे. पण घरातली जुनी गाडी असेल तर ती मदत नाही, बोटांचाच हिशेब.

हा हिशेब एकदा कागदावरही करून बघा. समोर काही आलं हे कळून हात ब्रेकवर जाईपर्यंत एक सेकंद धरा, आणि कोरडा चांगला रस्ता. चाळीसच्या वेगाला गाडी साधारण २३ मीटरमध्ये थांबते. साठला ४५ मीटर लागतात. ऐंशीला ७० च्या वर. वेग दुप्पट झाला, अंतर तिप्पट. म्हणजे ऐंशीच्या वेगात म्हैस दिसली त्या क्षणी ती सहा-सात एसट्या मागेपुढे लावल्या इतक्या अंतराच्या आत असेल, तर तिला धडक बसणार. सत्तरहून कमी वेग म्हणजे काहीच नाही असं ज्या पोरांना वाटतं, त्यांनी हे पावलं टाकून मोजावं.

सगळ्यांत जास्त बोललो ते नजरेबद्दल. नवा माणूस पुढच्या चाकाकडे बघतो, नाहीतर ज्या खड्ड्याची भीती वाटते त्याच्याकडे. आणि गाडी जिकडे नजर तिकडे जाते. खड्डा चुकवायचा असेल तर खड्ड्याच्या शेजारच्या चांगल्या रस्त्याकडे बघायचं. माझा आवाज बसेपर्यंत मी एकच ओरडत होतो, "कुठं बघायलीस? चाकाकडं काय बघायलीस, समोर बघ की!" आरटीओच्या चाचणीत पाय न टेकता आठाचा आकडा काढायला लावतात, त्यातही हेच आहे. आठ म्हणजे इंग्रजीतला बरं का. आपला ८ काढायला गेलात तर गाडी फिरून परत येतच नाही. वळण सुरू व्हायच्या आधी मान वळवून वळण जिथे संपतं तिथे बघायचं, रेस अगदी थोडी आणि एकसारखी ठेवायची, मागचा ब्रेक किंचित धरून वेग बांधायचा. खाली बघितलं की पाय टेकलाच. एमएच २६ असो की एमएच २४, आठ सगळीकडे सारखाच.

तीन आठवड्यांनी गावात शिरायचं, तेही रविवारी सकाळी. नांदेडमध्ये आम्ही आधी आनंदनगर-भाग्यनगरच्या आतले रस्ते घेतले, मग वर्कशॉप कॉर्नर, मग आयटीआय चौक. वजिराबाद आणि देगलूर नाका शेवटी. होळीच्या दिवसांत, होला मोहल्ल्याला, गुरुद्वाऱ्याच्या परिसरात सरावाला जायचं नाही. तिथे मुरलेले चालकही गाडी ढकलत नेतात. लातूरकरांनी ट्यूशनच्या भागात क्लास सुटायची वेळ टाळावी. आणि गंजगोलाई परीक्षेसाठी राखून ठेवावी. मध्ये गोल इमारत, भोवती सोळा रस्ते, आणि प्रत्येक रस्त्याच्या तोंडाशी कोणी ना कोणी थांबलेलं. नियम सांगतो की गोलात आधीपासून असलेल्या गाडीला पहिला मान, बाहेरून येणाऱ्याने थांबायचं. गोलाईत हा नियम नुसता मनात ठेवायचा. कोणीही, कोणत्याही बाजूने येईल असं धरून पहिल्या गिअरवर, दोन बोटं ब्रेकवर ठेवून जायचं. इथे ती क्लचवरची मुंगीची पावलं उपयोगी पडतात. मागचा हॉर्न वाजवतोय म्हणून एक इंचही पुढे सरकायचं नाही. त्याला घाई आहे, तो त्याचं बघेल.

हेल्मेटचं सगळ्यांना माहीत आहे, तरी ते कोपरात अडकवलेलं दिसतं. मे महिन्यात बेचाळीसच्या उन्हात डोकं शिजतं, हे खरं आहे. त्यावर उपाय म्हणजे आत पातळ सुती रुमाल बांधणं, हेल्मेट घरी ठेवणं नव्हे. आयएसआय चिन्ह आणि आयएस ४१५१ हा आकडा बघून घ्या, आणि बक्कल लावा. बक्कल न लावलेलं हेल्मेट आपल्याआधी रस्त्यावर पोचतं. पगडी बांधणाऱ्या शीख बांधवांना कायद्याने यातून सूट आहे, नांदेडमध्ये ते रोजचं दृश्य आहे. त्यांच्याकडे बोट दाखवून आपल्याला सूट मिळत नाही. ओढणी, उपरणं, साडीचा पदर यांची टोकं बांधून घ्या. चेन आणि मागचं चाक त्यांची वाटच बघत असतात. आरसे मात्र केस विंचरायला आत वळवलेले नकोत.

मागे माणूस बसवणं ही वेगळी पायरी आहे, आणि ती लोक सहज उडी मारून ओलांडतात. साठ किलोचा माणूस मागे बसला की गाडी निघायला जड, थांबायला लांब, आणि हळू वेगात डुगडुगणारी होते. पहिला प्रवासी स्वतः गाडी चालवणारा असावा, कारण तो वळणावर उलटा कलत नाही. तसा कोणी नसेल तर ४५ किलोची युरियाची पिशवी घट्ट बांधून चार फेऱ्या मारा. पिशवी मागून सूचनाही करत नाही.

आता माझी फजिती सांगतो. शिकवणाऱ्याने शहाणपण कुठून आणलं ते कळलेलं बरं. ऑक्टोबर होता, सोयाबीनची रास चालू होती. लातूरजवळच्या एका गावाच्या वळणावर रस्त्यातच मळणी झालेली, बारीक भुसकट डांबरावर पसरलेलं. वेग चाळीसही नव्हता. वळताना पुढचा ब्रेक दाबला आणि पुढचं चाक साबणावर गेल्यासारखं निसटलं. गुडघा सोलला, ब्रेकची लिव्हर वाकली, आणि रास करणाऱ्या आजींनी माझ्याआधी सोयाबीनकडे पाहिलं. जखम आठवड्यात भरली, पण पुढचे तीन आठवडे मी गाडीला हात लावला नाही. प्रत्येक वळण त्या वळणासारखं दिसायचं. शेवटी मी मोकळ्या रस्त्यावर जाऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली: रेघ मारून ब्रेक, मग आठ, मग वळणं. दोन सकाळी पुरल्या. पडल्यावर 'लगेच गाडीवर बस, भीती मोडते' असं सांगतात, ते अर्धंच बरोबर आहे. बसा, पण ज्या पायरीवर पडलात त्याच्या दोन पायऱ्या खाली बसा.

आपल्या भागातले धोके पुस्तकात नसतात, म्हणून थोडक्यात सांगतो. सुगीत रस्त्यावर पसरलेली रास, भुसकट, तुरीच्या काड्या: आधीच वेग कमी करायचा आणि त्यावरून जाताना ब्रेक लावायचा नाही. मृगाचा पहिला पाऊस: महिनोन्‌महिने साचलेली धूळ आणि तेल भिजून रस्ता चिकट होतो, पहिला अर्धा तास आडोशाला चहा घ्यावा. काळी माती ट्रॅक्टरच्या चाकांबरोबर शेतातून डांबरावर येते आणि ओली झाली की डांबर दिसतं पण पकड नसते. शेतरस्ता जिथे मुख्य रस्त्याला मिळतो तिथे बघून जा. रंग उडालेले ब्रेकर: पुढच्या गाडीच्या मागच्या दिव्यावर लक्ष ठेवा, ती उसळली की तुमच्या पुढेही ब्रेकर आहे. ब्रेकरच्या आधी वेग मारा आणि चाक चढताना ब्रेक सोडा. पहाटे-संध्याकाळी रोही रस्ता ओलांडतात. एक गेला की दुसरा मागून येणार असं धरा. नळकांडी पुलावरून पाणी वाहत असेल तर परत फिरा, दुसऱ्याची गाडी गेली म्हणून जाऊ नका.

रात्रीचा प्रवास मी पहिले दोन महिने पूर्ण वर्ज्य सांगतो, आणि त्याचं कारण ऊस. नोव्हेंबरपासून कारखाने सुरू झाले की लातूरकडच्या सगळ्या रस्त्यांवर डबल ट्रॉली उसाने भरून निघतात. ऊस ट्रॉलीच्या बाहेर आलेला, मागे दिवा नाही, लाल पट्टी मातीने झाकलेली. समोरून येणाऱ्या गाडीचा फोकस डोळ्यांवर पडला की त्या उजेडामागे काळोखात ट्रॉली उभी आहे की चालतेय हे कळतच नाही. फोकस आला की नजर रस्त्याच्या डाव्या कडेच्या पांढऱ्या पट्टीवर न्यायची, वेग तिथल्या तिथे कमी करायचा, आणि आपला दिवा डिपर ठेवायचा. समोरचा डिपर करत नाही म्हणून आपणही अप्पर मारायचा, यात दोघं आंधळे होतात.

चौथ्या महिन्यात भाची म्हणाली, लातूरला गाडीवर येते. नांदेड ते लातूर सुमारे १४० किलोमीटर, तुळजापूरहून नागपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ३६१. सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, शिरूर ताजबंद, चाकूर, आष्टामोड. मी तीन अटी घातल्या. एक, आधीच्या रविवारी फक्त लोह्यापर्यंत जाऊन परत यायचं, आणि कसं वाटलं ते सांगायचं. दोन, निघायच्या दिवशी सकाळी हवा, चेन, दोन्ही ब्रेक, दिवे हाताने तपासायचे. तीन, मार्गशीर्षात माळेगावची खंडोबाची यात्रा असते, त्या दिवसांत नाही. रस्ता माणसांनी, बैलगाड्यांनी आणि घोड्या-उंटांनी भरलेला असतो. तिने आणखी एक अट स्वतःची घातली, साठच्या वर जायचं नाही. लोह्याला चहा, अहमदपूरला नाश्ता. जिथे दुभाजक आहे तिथे डाव्या कडेने राँग साइड येणारे तिला अकरा भेटले; तिने मोजले होते. एसटी ओव्हरटेक करून जाताना वाऱ्याचा झोत बसतो तेव्हा हॅण्डल आवळून धरायचं नाही, हे मी सांगायला विसरलो होतो. ते ती वाटेत स्वतःच शिकली. साडेसातला निघालेली बाई सव्वाअकराला लातुरात पोचली. हात कापले का, विचारलं. म्हणाली, चाकूरपर्यंत.

तुम्हीही कधीतरी असे लातूरला याल. पोचल्यावर थकलेल्या हातांनी गंजगोलाईत शिरू नका. गाडी बाहेरच लावा आणि चालत जा. सोळांपैकी कोणत्या रस्त्याला लावली आहे, तेवढं मात्र बघून ठेवा.